स्लॅबखालची रात्र

मे 2024मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान दाखवले आणि देशभर बोभाटा झाला. सेन्सर बिघडल्याचा खुलासा आला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आमचा पडला नाही. भर दुपारी उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग साठीच्या घरात जातो, त्यासाठी कुठलाही सेन्सर बिघडावा लागत नाही.

विदर्भातली घरे एका-दोन पिढ्यांत बदलली. कवेलू आणि मातीचे धाबे गेले, पत्रा आणि स्लॅब आला. गळती थांबली, माकडांनी कवेलू फोडण्याची कटकट मिटली. लोकांनी चूक केली असे कोण म्हणेल? पण मातीचा जाड थर जे ऊन वरच अडवायचा, ते आता थेट अंथरुणावर उतरते. काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि दिवेलागणीनंतर खाली ओकत बसते. पत्रा रात्री लवकर निवतो, पण दुपारी त्याखाली टेकवत नाही. पंखा तीच झळ फिरवतो. कुलरला वीज हवी, पाणी हवे. नवतप्यात नेमके दोन्ही रुसलेले.

खारघरच्या मैदानावर 2023मध्ये भर उन्हातल्या सोहळ्यात उष्माघाताने 14 जण दगावले, ते साऱ्या राज्याने पाहिले. रात्रभर उसंत न मिळालेली एखादी म्हातारी पहाटे खोलीतच जाते, तेव्हा नोंद बहुधा हृदयविकाराची होते.

उपाय पांढरा आहे आणि स्वस्त आहे. छतावरचा ताजा पांढरा थर बरेचसे ऊन परतवतो. खोली दोन ते पाच अंशांनी उतरते. अहमदाबादने 2010च्या लाटेत तेराशेहून अधिक जादा मृत्यू पाहिले, 2013मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि 2017पासून वस्त्यांची छपरे पांढरी करायला घेतली. तेलंगणाने 2023मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच आणले. आपला भर अजून ताक, कांदा आणि दुपट्ट्यावर!

यात जादू नाही. फेव्हिकॉल घालून लावलेला चुना दोन-तीन पावसांत धुऊन जातो, दरवर्षी हात मारावा लागतो. महागडा रंग टिकतो, पण घुग्घुस-चंद्रपूरकडे कोळशाची धूळ त्यालाही काळा करते. छत धुतले नाही तर पैसे पाण्यात. आणि खिडकीच नसलेली खोली नुसत्या रंगाने निवत नाही.

तरीही घरकुलाच्या शेवटच्या हप्त्यात पांढऱ्या थराचा खर्च धरणे सरकारला जड नाही. अंगणवाड्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांची छपरे होळीआधी पांढरी झाली पाहिजेत. मे महिन्यात निघालेली निविदा पावसाळ्यात उघडते, हा अनुभव नवा नाही. खरी अडचण भाड्याच्या खोल्यांची आहे. मालक खालच्या मजल्यावर गारव्यात, भाडेकरू स्लॅबखाली. पदरचा चुना परक्या छतावर तो का लावेल? नगरपालिकांनी पांढऱ्या छपरासाठी मालमत्ता करात सूट द्यावी, आणि ती येत्या अंदाजपत्रकातच धरावी.