आंबा सामान्य, हापूस विशेष?

इंग्रजीच्या पेपरात सामान्यनाम आणि विशेषनाम ओळखायचा प्रश्न म्हणजे हमखास मार्क. पहिले अक्षर मोठ्या लिपीत दिसले की 'विशेषनाम' लिहून मोकळे व्हायचे. देवनागरीत ही सोय नाही, आणि रत्नागिरीच्या आंबा बागायतदारांची पंचाईत तिथेच होते. 'आंबा' सामान्यनाम, 'रत्नागिरी' विशेषनाम, यावर वाद नाही. पण 'हापूस'? 1510 साली गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून तो आला असे मानतात. म्हणजे जन्माने विशेषनामच. पुढे कलमे धारवाडला गेली, वलसाडला गेली. आता तर आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस ऐन थंडीत वाशीच्या बाजारात उतरतो. 'दोन डझन हापूस द्या' म्हणताना त्या पोर्तुगीज साहेबाची आठवण कोणाला येते? विशेषनाम डझनावारी विकले जाऊ लागले की त्याचे सामान्यनाम झालेच म्हणून समजावे.

हा नुसता शाळकरी काथ्याकूट नव्हे. भौगोलिक मानांकनाचा 1999 चा कायदा सामान्यनाम होऊन बसलेल्या नावाची नोंदणीच करू देत नाही. 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला मानांकन मिळाले. सरकारदरबारी तो पुन्हा विशेषनाम झाला. त्यावर कोणी विचारतो, कलम एकच असताना धारवाडच्या झाडाला हापूस का म्हणू नये? झाडाला खुशाल म्हणावे. मानांकन जातीला नसते; कातळावरच्या मातीत आणि खाऱ्या वाऱ्यात त्या जातीला जो गुण येतो आणि त्यावर जो लौकिक उभा राहतो, त्याला असते. दुसरा म्हणतो, नावच परक्याचे, त्यावर कोकणाचा हक्क कसला? बारशाला नाव ठेवणाऱ्या आत्याला कोणी भाच्याच्या कमाईत वाटा देत नाही. हे नाव कमावले ते इथल्या बागांनी.

खरी अडचण निराळीच आहे. विशेषनाम कागदावर मिळाले, पेटीवर ते कोणीही छापतो. बाहेर ठसठशीत 'रत्नागिरी हापूस', आत भलत्याच मुलखाचा माल, आणि आंब्याखालचा रद्दी पेपर कानडी निघाला तर तो योगायोग! फसवणाऱ्याला दोष द्यावाच. पण मानांकन वापरायचे तर बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते, आणि भेसळीच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांपैकी किती जणांनी तेवढे कष्ट घेतले आहेत? ज्यांनी नोंदणी केलेली नाही, त्यांनी येत्या हंगामाआधी ती करून घ्यावी. गिऱ्हाइकानेही पेटीचे पैसे मोजण्याआधी विक्रेत्याकडे नोंदणी क्रमांक मागावा.