दुबळ्या दश्शीची किंमत

सुट्टीत घर भरलं की पत्ते निघतात आणि लगेच वाद सुरू होतो. मुलांना झब्बू हवा असतो, मोठ्यांना रमी. माझं मत विचाराल तर तीन पिढ्या एकत्र असतील तेव्हा मेंढीकोटच मांडावा.

म्हणजे बघा, चौघं खेळणारे, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू, प्रत्येकाला १३ पानं. इतर बऱ्याच डावांत मोठ्या पानाचा रुबाब. इथे सगळी किंमत दश्शीला. ज्या जोडीकडे ३ दश्श्या, ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त, ते जिंकले. आणि चारही एकाच बाजूला गेल्या की मेंढीकोट! पण ही दश्शी बिचारी दुबळी. तिच्या रंगातले गुलाम, राणी, राजा, एक्का सगळे तिला भारी. एकटीने घरी येणं तिला अवघडच. भिडूने एक्का टाकला की त्याच्या पाठीवर बसून ती येते. एक्क्याचं मोठेपण कशात, तर दश्शी सुखरूप आणण्यात. लहान मुलांना कुटुंब म्हणजे काय हे याहून सोपं करून मला तरी सांगता येणार नाही.

पाच-तीन-दोनही मला आवडतं. तिघंच असलो, तर ३० पानांत तोच डाव बरा. पण त्यात ज्याचे हात कमी पडतात, त्याची पानं पुढच्या डावात ओढली जातात. सगळा उधारी-वसुलीचा मामला! मेंढीकोटात पडलो तर दोघं मिळून पडतो.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. डाव चालू असताना भिडूशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. आता ज्या आजोबांना कमी ऐकू येतं त्यांचं बघा. भरल्या घरात सगळे हसतात, ते "काय झालं?" विचारतात, आणि आपण "काही नाही हो" म्हणून मोकळे होतो. माणूस घरात असून एकटा पडतो. पत्त्यांत मात्र कुणीच बोलायचं नसतं, जे बोलायचं ते पानानेच. कुणाची उतारी आली, कुणी हुकमाने मारलं, हे सगळं समोर दिसतं. तिथे आजोबा कुणाच्याही मागे नाहीत. उलट गेलेली पानं त्यांनाच नीट आठवतात!

म्हणून सांगणं एवढंच, की आजी-आजोबांना नुसतं गंमत बघायला बसवू नका, नातवंडांचे भिडू करा. पान टाकायला वेळ लागला तर थांबा. हुकूम कट ठेवा. ज्याच्याकडे आलेला रंग आधी संपेल, त्याने टाकलेल्या पानाचा हुकूम. त्यात नशिबाचा भाग असतो, त्यामुळे आठ वर्षांचं पोरही कधीतरी डाव फिरवतं. आणि डाव संपल्यावर "तू ते पान का टाकलंस?" ही चौकशी नको. तेवढ्यावरून रुसवे होतात, आणि पुढच्या वेळी चौथा भिडू मिळत नाही.

मोबाईलवरही मेंढीकोट मिळतो, हे मला माहीत आहे. पण तिथला भिडू डाव संपल्यावर चहा घ्यायला थांबत नाही.

असो. तुमच्या घरी हुकूम कट असतो की बंद? जरूर कळवा.