तळीरामाला मूल नाही : मराठी विनोद आणि चोर बाप

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी, खापा हे हातमागाचे जुने गाव आहे. राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी निधन झाले ते याच तालुक्यातील सावनेर येथे. 'एकच प्याला' हे त्यांचे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी रंगभूमीवर आले. मराठी विनोदातील एका उणिवेचा विचार या नाटकापासून सुरू करणे सोयीचे आहे. कारण ती उणीव येथे अगदी उघडी पडते.

'एकच प्याला'त गुन्हा करणारा बाप आहे आणि हसविणारा लफंगाही आहे. मात्र ती दोन वेगळी माणसे आहेत. सुधाकर वकील आहे, पिता आहे, आणि दारूच्या नशेत त्याच्या हातून पोटचे मूल मरते. तळीराम त्याचा कारकून. आर्यमदिरामंडळाचा हा आधारस्तंभ खोटेपणा करतो, बायकोला छळतो, आणि तरीही प्रेक्षागृह त्याच्या वाक्यावाक्याला हसते. गडकऱ्यांनी पितृत्व सुधाकराला दिले आणि हसू तळीरामाला. तळीरामाला मूल नाही, ही गोष्ट समीक्षेने फारशी लक्षात घेतलेली नाही. त्याला आठ-दहा वर्षांचा मुलगा असता, आणि बाप घरातली भांडी कोणत्या वाटेने गुत्त्याकडे नेतो हे त्या मुलाला ठाऊक असते, तर त्या हशाचे काय झाले असते? गडकऱ्यांसारख्या नाटककारालाही हा प्रश्न टाळावासा वाटला असावा.

त्यानंतरचा मराठी विनोद याच वाटेने चालत राहिला. चिं. वि. जोशींचा चिमणराव फजीत होतो, परंतु त्याची फजिती पांढरपेशा सभ्यतेच्या कुंपणातली आहे. पोलीस त्याच्या दारी आला तरी तो गैरसमजानेच येणार, याची वाचकाला खात्री असते. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या वाढतो तो सज्जनांच्या घरात. बालपणाच्या विनोदी कथेत खोडकरपणा मुलाचा आणि शहाणपण वडिलांचे, ही वाटणी जणू कायमची ठरून गेली. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'तील (१९७५) दगडोबा हा त्याला ठळक अपवाद. मुलगी एका प्राध्यापकाच्या घरी राहते आहे असे कळताच तिच्यावरील आपल्या हक्काची किंमत वसूल करायला येणारा हा बाप खरोखर विनोदी आहे. पण त्याचे मूळ बर्नार्ड शॉच्या लंडनमध्ये आहे; शिवाय मंजुळा बापाच्या सावलीतून आधीच बाहेर पडलेली आहे. बापाची लबाडी पाहत-पाहत वाढणे हा तिच्या कथेचा गाभा नव्हे.

जयवंत दळवींच्या 'चक्र'मध्ये (१९६३) ही गोष्ट जवळ येऊन निसटते. झोपडपट्टीत वाढणाऱ्या बेनवाला लुका या भुरट्या गुंडाचे विलक्षण आकर्षण आहे. लुका त्याचा बाप नाही, तरी मुलाच्या डोळ्यांत तो बापापेक्षा मोठा आहे, आणि त्याच डोळ्यांदेखत तो झिजत, सडत जातो. दळवींना विनोदाची जाण उत्तम होती. पण या कादंबरीत त्यांनी तिला जवळजवळ रजा दिली आहे.

विदर्भाकडे वळले तर उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) समोर येते. कौतिकचा नवरा महादेव हा मराठी कादंबरीतील हतबल बापांत अग्रगण्य म्हणावा लागेल. तो गुन्हेगार नाही; गुन्हा करायलाही जी थोडी उमेद लागते ती त्याच्यापाशी नाही. नामा हे सारे पाहतो. शेळके यांच्या बोलीत विनोदाच्या जागा जागोजागी आहेत, पण दारिद्र्याच्या करुणेवर खिळलेल्या समीक्षेने त्या ऐकल्याच नाहीत.

हीच बहिरेपणाची तक्रार लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'बाबत (१९८७) अधिक जोराने करावी लागते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच चोर ठरविलेल्या समाजातील हे आत्मकथन. तो कायदा रद्द झाला १९५२ साली, पण पोलिसांची नजर बदलली नाही. येथे चोरी हा स्वभावदोष नसून सरकारी नोंदवहीने वंशपरंपरेने लादलेला व्यवसाय आहे. मार खाऊनही कबुली देऊ नये म्हणून मुलांना घरीच मार खायला शिकवणे, हे त्या घरांतले शिक्षण. अशा समाजात एक बाप मुलाला शाळेत घालतो. पुढे वस्तीतील पोरांना जुलाब-उलट्या होतात आणि दोष येतो त्या शाळेवर! हा प्रसंग भीषण आहे आणि विनोदीही आहे. त्यातील विनोदावर बोट ठेवले की वेदनेचा अपमान होतो, असे मानण्याची रूढी पडली आहे. प्रत्यक्षात तेथे हसतो तो लेखक स्वतः, आपल्याच माणसांच्या भाबडेपणाला. आणि तो हक्क त्याच्याकडून काढून घेण्याचे कारण नाही.

आक्षेप असा येईल की गरीब, वंचित बापाच्या चोरीवर हसणे हे सुरक्षित वाचकाचे हसणे होय. आक्षेप खोटा नाही. परंतु त्याचे उत्तर कोण हसतो यावर अवलंबून आहे. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड'मध्ये (१९२१) मूल दगड मारून खिडक्यांच्या काचा फोडते आणि मागून त्याचा मानलेला बाप काचा बसवायला हजर होतो. दोघे भागीदार आहेत, म्हणून प्रेक्षकाला वरून हसता येत नाही. याउलट डी सिकाच्या 'बायसिकल थीव्हज'मध्ये (१९४८) बाप सायकल चोरताना पकडला जातो, आणि ज्याने ते पाहू नये तोच मुलगा ते पाहतो. या दोन चित्रपटांच्या मधली जागा मराठीत रिकामी आहे.

ती खाप्यासारख्या गावात भरून निघू शकेल. यंत्रमागांपुढे हातमाग मागे पडला; गावाच्या आसपास मँगनीजच्या खाणी आहेत, खाली नदीत रेती आहे. माग थांबलेला एखादा बाप रात्री रेतीच्या गाडीवर जातो, आणि चढत्या पाण्यात नेमकी त्याचीच गाडी रुतते, अशी कथा कल्पनेला अवघड नाही. भाषाही तयार आहे. वैदर्भी बोलीतले पोर बापाला सहज 'बुढा' म्हणते. या एका शब्दात अनादर किती आणि माया किती, हे प्रमाण मराठीच्या 'वडील' या शब्दाला कधीच सांगता येणार नाही. 'माहा बुढा' या दोन शब्दांनी सुरू होणारे, रुतलेल्या गाडीला मागून खांदा देणाऱ्या पोराने सांगितलेले पुस्तक अजून कोणी लिहायला घ्यायचे आहे.