अज्ञात कुंडाच्या वाटेवरची कोंडी

जूनच्या पहिल्या सरीबरोबर सह्याद्रीत दोन जातींचे प्राणी बाहेर पडतात. एक खेकडे. दुसरे, अज्ञात कुंडांचे संशोधक. खेकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. ते येतात, आपापल्या बिळाशी बसतात आणि बिळाचा शोध आपण लावला असं चारचौघांत सांगत सुटत नाहीत.

दुसरी जात सांगते. पार्श्वसंगीत लावून सांगते. ‘कोणालाही माहीत नसलेलं जंगलातलं स्वर्गीय कुंड!’ ही गोपनीय वार्ता लाखभर लोकांच्या कानात घालायची, खाली नकाशातलं नेमकं ठिकाण चिकटवायचं आणि शेवटी हात जोडून म्हणायचं, कृपया इथे गर्दी करू नका, निसर्ग जपा. तर्कशास्त्रात याला वदतोव्याघात म्हणतात. आमच्याकडे याला ‘कंटेंट’ म्हणतात.

देवकुंड घ्या. रायगड जिल्ह्यात, भिऱ्याजवळ. ताम्हिणीच्या बाजूने उतरणारं पाणी कड्यावरून झेप घेतं आणि दाट झाडीत, काळ्या कातळाच्या कवेत हिरवट-निळा डोह भरतं. देखणं आहे, यात वादच नाही. वाद आहे तो त्याच्या गुप्ततेचा. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून बसगाड्या सुटतात. पायथ्याशी गाड्या लावायला शेतं आहेत, शेताला दर आहे, वाटाड्या आहे, पोहे आहेत, कपडे बदलायला आडोसा आहे आणि परतल्यावर जेवणाची थाळी आहे, शाकाहारी की मांसाहारी ते आधी सांगायचं. सगळ्यांना ठाऊक आणि तरीही गोपनीय, हा मान आजवर फक्त सरकारी फायलींचा होता.

मी एकदा त्या रांगेत उभा होतो. होय, रांगेत. पुढचा तरुण कॅमेऱ्याला सांगत होता, “दोस्तहो, इथे फक्त मी आणि निसर्ग!” त्याच्या मागे निसर्ग होता. निसर्गाच्या आणि त्याच्या मध्ये एका कंपनीची अख्खी सहल होती, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. तरुणाने कॅमेरा थोडा वर उचलला, सहल चौकटीबाहेर गेली आणि एकांत सिद्ध झाला. संन्याशांना यासाठी हिमालयात जावं लागत असे. बिचारे!

आणि तो ‘अस्पर्शित निसर्ग’! देवकुंडाची वाट भिऱ्याच्या जलाशयाच्या कडेने जाते. हे पाणी आकाशातून थेट तिथे पडलेलं नाही. मुळशीला धरण बांधायचं, घाटमाथ्यावरचं पाणी मोठाल्या नळांतून कोकणात सोडायचं आणि त्यावर वीज करायची, असा हा टाटांचा उद्योग. भिऱ्याचं वीजगृह सुरू झालं 1927 साली. त्या धरणात आपल्या जमिनी बुडणार म्हणून 1921 मध्ये मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. माणसं हरली, गावं बुडाली. त्यानंतर शंभरेक वर्षांनी त्याच योजनेच्या पाण्याकडेने चालत येऊन आमचा कोलंबस जाहीर करतो की इथे मानवाचं पाऊल पडलेलं नाही. इतिहास कच्चा असायला हरकत नाही हो, पण वाटेतलं धरणसुद्धा दिसू नये?

दुसऱ्या दिवशी हाच वीर कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करतो. ‘बेलगाम, रानटी नदी!’ त्या नदीचा रानटीपणा वीजगृहातून पाणी सुटण्याच्या वेळापत्रकावर चालतो. सकाळी पाणी सुटलं की नदी रौद्र, पाणी ओसरलं की रौद्ररस समाप्त, मंडळी जेवायला मोकळी. इतका वक्तशीर बेलगामपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता ‘कोणालाही माहीत नसलेलं’ याचा हिशेब करू. त्या रानातल्या कातकऱ्यांना ते पाणी माहीत आहे. गुरं घेऊन हिंडणाऱ्या धनगरांना माहीत आहे. कोणत्या कपारीला मासा लागतो, कोणत्या महिन्यात ओहोळ उतरता येतो, कोणत्या दगडावर बारमाही शेवाळ असतं, हे त्यांच्या पोरांनाही माहीत आहे. पण संशोधकाच्या जनगणनेत ही माणसं मोडत नाहीत. ती फक्त व्हिडिओच्या अखेरीस येतात, ‘इथले भोळेभाबडे लोक’ म्हणून, चुलीवरच्या भाकरीसह.

हे भोळे लोक काय सांगतात ते तरी ऐका. आपल्याकडे कित्येक डोहांच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड मांडलेले असतात. साती आसरा. गावची म्हातारी सांगते, “बाबा, भर पाण्यात उतरू नको, आसरा ओढून नेतात.” आमचा संशोधक गालात हसतो. विज्ञानयुगात ही अंधश्रद्धा! मग तोच विज्ञाननिष्ठ मनुष्य, ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा कुणीतरी नकाशावर दिलेल्या पाच ताऱ्यांवर भरवसा ठेवून, खोली न मोजता, कातळावरून डोहात सूर मारतो. सात आसरांवर अविश्वास, पाच ताऱ्यांवर निष्ठा. प्रबोधन झालं म्हणायचं ते हेच!

विज्ञानच हवं ना? घ्या. धबधब्याच्या पायथ्याशी जो पांढराशुभ्र फेस दिसतो, त्यात हवा मिसळलेली असते. असं पाणी हलकं असतं, ते तुम्हाला साध्या पाण्याइतकं तोलून धरत नाही. उत्तम पोहणारासुद्धा तिथे बुडतो, कारण पोहण्याजोगं पाणीच त्याच्या हाताला लागत नाही. वरून कोसळणारी धार खाली दाबते, तळाशी गेलेला प्रवाह वळून पुन्हा धारेखाली येतो आणि माणसालाही तसाच परत आणतो. कातळ आतून कोरलेला असतो. वाहत्या पाण्यात दगडगोटे वर्षानुवर्षं गरगर फिरून रांजणखळगे पडतात आणि त्यांची तोंडं गढूळ पाण्यात दिसत नाहीत. शिवाय हा बेसॉल्टचा डोंगर. उभ्या उतारावरच्या उघड्या कातळात पाणी फारसं मुरत नाही, घसरून थेट खाली येतं. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तिथल्या प्लस व्हॅलीत पडलेलं पाणी उतरतं देवकुंडाकडेच. म्हणजे खाली तुमच्या अंगावर कोवळं ऊन आणि वर डोंगराने आभाळ रिकामं करून घेतलेलं, असं सहज होऊ शकतं. पाण्याचा रंग मातकट होतो, काटक्या आणि पालापाचोळा येऊ लागतो, धारेचा आवाज जड होतो. ज्याला हे कळतं तो सामान टाकून काठ चढतो. ज्याला कळत नाही तो म्हणतो, “वॉव, फ्लो वाढला!”

म्हातारीला हेच सगळं एका वाक्यात सांगायचं होतं. तिने देवीचं नाव घेतलं. तुम्ही देवी खरी की खोटी ते तपासत बसलात आणि वाक्य ऐकायचं राहिलं.

बरं, ते कुंड रिकामं तरी असतं का? आंबोलीला हिरण्यकेशी नदीचा उगम आहे, महादेवाचं देऊळ आहे, देवळापुढे कुंड आहे. या एवढ्याशा पाण्यात 2020 साली माशाची एक नवी जात नोंदली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी. बोटभर मासा. 2021 मध्ये सरकारने ती 2.11 हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. म्हणजे ज्या डबक्याला आपण ‘नॅचरल स्विमिंग पूल’ म्हणतो, ते एखाद्या जिवाचं पृथ्वीच्या पाठीवरचं सगळं घरदार असू शकतं. त्यात आपण काय घेऊन उतरतो? सनस्क्रीन, केसांचं तेल आणि शाम्पूची पुडी. पुडी पुन्हा काठावर ठेवून येतो, खूण म्हणून.

आता दुसऱ्या विदूषकाकडे वळू. प्रशासन. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. 15 जून 2025 ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला, चार जण गेले. यावर विनोद होत नाही आणि मी करणारही नाही. विनोद सुरू होतो त्यानंतर. दोन्ही दिवस रविवार होते. पाऊस जूनमध्ये येतो आणि रविवार आठवड्यातून एकदा येतो, ही माहिती सरकारदरबारी उपलब्ध असावी असा माझा अंदाज आहे. तरी दरवर्षी दोन्हींचं आगमन अनपेक्षितच ठरतं. मग निघतो मनाई आदेश. पूर्वी कलम 144 खाली निघे, आता नव्या संहितेच्या 163 खाली निघतो. अशा आदेशाला एरवी दोन महिन्यांचं आयुष्य, पावसाळा चार महिन्यांचा. उरलेल्या दोन महिन्यांत पाणी बहुधा स्वेच्छेने सुरक्षित होत असावं.

अंमलबजावणीचंही पाहा. जुलै 2023 मध्ये गोव्यातल्या दूधसागर धबधब्याला रुळांवरून चालत गेलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि ज्यांना दूधसागर माहीत नव्हता त्यांनाही झाला.

मग कुंडात उतरूच नये? उतरावं की. रानातल्या थंड पाण्यात मान बुडेपर्यंत बसण्याइतकं सुख फार थोड्या गोष्टींत आहे आणि ते कुणी हिरावून घ्यावं असं मला वाटत नाही. पण पाऊस सरल्यावर जा, डोंगर शांत झाल्यावर. गावातला माणूस बरोबर घ्या आणि तो ‘नाही’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, त्याने नाही म्हणण्याचेच पैसे घेतलेले असतात. सरकारलाही उत्तर शोधायला परदेश दौऱ्याची गरज नाही. शेजारी गोव्यात समुद्रकिनाऱ्यांबरोबर दूधसागर आणि मये तलावावरही जीवरक्षक नेमले आहेत. आपल्याकडे त्याच पाण्याकाठी वाढलेली, प्रत्येक कपार ओळखणारी पोरं हंगामात वाटाडी होतात आणि एरवी रिकामी फिरतात. त्यांना प्रशिक्षण द्या, दोर द्या, पगार द्या आणि मुख्य म्हणजे वाट बंद करण्याचा अधिकार द्या. फलक कुणाला बाहेर ओढून काढत नाही.

आणि संशोधकमहाराज, तुमच्यासाठी एक मागणी. माणूस बुडाल्यावर त्या पाण्यात रात्री-अपरात्री कोण उतरतं, ठाऊक आहे? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आणि गावातले पट्टीचे पोहणारे. तेच, तुमच्या जनगणनेत नसलेले. यापुढे ज्याने कुंडाचं ठिकाण जगाला वाटलं, त्याला अशा प्रत्येक रात्री फोन जावा आणि त्याने काठावर येऊन दोर धरावा. शोध लावलात ना? मग शोधकार्यालाही या.