नंबर लावताना आजार का सांगायचा?

पेण काय, रोहा काय, बहुतेक खाजगी दवाखान्यांत नंबर लावायची रीत एकच आहे. टेबलामागचा माणूस नाव, वय, गाव विचारतो आणि त्याच आवाजात पुढचा प्रश्न टाकतो, "काय होतंय?" मागे बाकावर दहा-पंधरा माणसं बसलेली असतात. मोठ्या शहरात ती अनोळखी तरी असतील. आमच्याकडे त्यांत शेजारीण असते, चुलत सासरे असतात. टेबलावरचा मुलगाच नवऱ्याच्या ओळखीचा निघतो आणि "बोला वहिनी" म्हणतो. तिथे "अंगावरून पांढरं जातंय" किंवा "पाळी चुकली आहे" हे बाईने कसं सांगायचं?

या भागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करताना मी बघते, बायका यातून आपापल्या वाटा काढतात. कुणी "ताप आहे" असं सांगते. केस पेपरवर ताप लिहिला जातो, आत डॉक्टर घाईत असतात, शेजारी सासू असते, आणि बाई तापाच्या गोळ्या घेऊन घरी येते. कुणी रोज बुडवून, एसटीचं भाडं भरून पेणहून रोह्याला जाते, तर रोह्याची पेणला येते. कुणी जातच नाही. फोनवर नंबर लावण्याची सोय झाली, पण घरात फोन एकच असेल तर दवाखान्याचा उलटा फोन जो उचलेल त्याला निरोप मिळतो. माझ्या माहितीतल्या एका बाईची गर्भपाताची तारीख अशीच तिच्या दिराला कळली. पुढे त्या घरात काय झालं हे इथे लिहिणं म्हणजे तिचं गुपित पुन्हा फोडणं होईल.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. पैसा, अंतर, बाई डॉक्टर नसणं, अशा कितीतरी गोष्टी बायकांना दवाखान्यापासून लांब ठेवतात. हे सगळं ओलांडून दारात आलेली बाई निदान टेबलापासून परत फिरू नये.

रुग्णाचं गुपित राखणं ही डॉक्टरांची मेहेरबानी नव्हे. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्याच्या २००३ च्या नियमांनुसार बाईचं नाव फक्त दाखल-नोंदवहीत लिहायचं आणि ती वही गोपनीय ठेवायची. बाकी केस पेपरवर, ऑपरेशनच्या वहीत नावाऐवजी अनुक्रमांक घालायचा. २०२१ च्या दुरुस्तीने कलम ५-अ आलं. गर्भपात केलेल्या बाईचं नाव कायद्याने अधिकार नसलेल्या कुणालाही सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सज्ञान बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची संमती पुरते.

पण हे कलम नोंदणीकृत डॉक्टरांनाच बांधतं. टेबलावरच्या माणसाचा त्यात उल्लेख नाही. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा याच्या पुढे गेला. विश्वासाने कळलेली माहिती तिथे कुणीच फोडायची नाही. हाच नियम प्रत्येक आजाराला का नको?

डॉक्टर म्हणतात, कोण अत्यवस्थ आहे हे बाहेर कळायला नको का? बरोबर आहे. रक्तस्राव होत असलेल्या बाईला रांगेत बसवून कसं चालेल? त्यासाठी "तातडीचं आहे का?" एवढं विचारलं तरी पुरतं. टेबलावर बसणाऱ्या मुलीवर माझा राग नाही. बारावी झालेली, तुटपुंज्या पगारावर राबणारी ती पोर, तिला जे विचारायला सांगितलं तेच विचारते. तिला काय विचारायचं नाही हे शिकवणं डॉक्टरांचं काम आहे.

आपल्या मागण्या साध्या आहेत. नंबर लावताना आजार विचारू नये. नावाने हाका न मारता नंबराने बोलवावं. नोंदवही उघडी पडलेली नसावी. फोन कोणत्या नंबरावर आणि किती वाजता करायचा हे बाईला विचारावं, दुसऱ्या कुणी उचलला तर निरोप देऊ नये. आत बाईला क्षणभर तरी एकटीला बोलू द्यावं, सासूला बाहेर थांबायला डॉक्टरांनीच सांगावं.

यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. खाटा असलेल्या खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावणं महाराष्ट्रात २०२१ पासून बंधनकारक आहे. पुढच्या वेळी गेलात तर ती भिंतीवर आहे का बघा, नसेल तर विचारा. एकटीला बोलायची भीती वाटली तर बचत गटातल्या दोघी-तिघी मिळून डॉक्टरांना भेटा. आणि टेबलावर कुणी आजार विचारलाच, तर "तो मी डॉक्टरांना सांगेन" असं म्हणायची सवय आपण एकमेकींना लावूया.