रेंजची वही ग्रामसभेत न्या

आमच्यातल्या काही मंडळींना एक छंद जडला आहे. पेडण्याहून डिचोलीला जाताना रेंज कुठे सापडते, कुठे हरवते, कोणत्या टॉवरवर नवे अँटेना चढले, हे ती वहीत टिपून ठेवतात. घरची माणसे हसतात. आम्हाला मात्र ही वही मोलाची वाटते.

१९६७च्या जनमत कौलाने गोवा वेगळा राहिला. दूरसंचाराच्या हिशेबात मात्र तो आजही महाराष्ट्र परिमंडळातच आहे. ट्रायच्या अहवालात आपले मोबाईल ग्राहक महाराष्ट्राच्या रकान्यात मिळून जातात. तिथे इब्रामपूर किंवा कुडचिरे कुठून दिसणार?

२०२४च्या नियमांनी कंपन्यांना सेवेचे नकाशे संकेतस्थळावर देणे भाग पडले. पण नकाशात रंग भरला म्हणून डोंगराआड फोन लागतोच असे नाही. २०२०मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या, तेव्हा गोव्यातली मुले रेंजसाठी डोंगर चढत होती, हे विसरून कसे चालेल?

रेंज हवी, पण टॉवर दुसऱ्याच्या वाड्यावर, हेही बरे नव्हे. किरणोत्सर्गाची आपली मर्यादा २०१२पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. शंका असेल त्यांनी शुल्क भरून सरकारच्या ‘तरंग संचार’वर मोजणी मागावी.

नुसती ‘रेंज नाही’ ही तक्रार फाईलीत पडून राहते. म्हणून आमचे सांगणे एवढेच: जागा, तारीख, वेळ आणि कंपनी लिहा, आणि ती वही घेऊन येत्या ग्रामसभेत ठराव मांडा.