गाडीचा खाडा

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आपण काय काय लिहितो? दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, मावशींच्या सुट्ट्या. गेल्या उन्हाळ्यात माझ्या कॅलेंडरवर आणखी एक खूण वाढली, गाडीच्या खाड्याची.

मे महिन्यातली दुपार. सासूबाईंचे डोळे तपासून आम्ही दोघी नगरहून निघालो. (2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच येतं.) राहुरीत औषधं घ्यायला पंधरा मिनिटं थांबलो. परत येऊन चावी फिरवली, तर 'कट' असा एकच आवाज आला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा 'कट'. सासूबाई मधुमेहाच्या, जेवणाची वेळ टळलेली, आणि ऊन असं की गाडीचा पत्रा हाताला चटका देत होता. शेजारच्या रसवंतीवाल्याने त्यांना मांडवात बसवलं, पाणी दिलं. पाऊण तासाने सहज चावी फिरवली, तर गाडी गुमान सुरू झाली!

घरी सांगितलं. हे म्हणाले, "माझ्या हातून तर रोज सुरू होते." गॅरेजात नेली, तिथे दहा वेळा सुरू झाली. मेकॅनिक हसून म्हणाला, "वहिनी, क्लच पूर्ण दाबत नसाल." मग बॅटरीवर संशय आला, नवी बॅटरी बसवली. आठवड्याच्या आत बँकेसमोर पुन्हा 'कट'.

खरं सांगते, मलाही वाटायला लागलं की माझंच काहीतरी चुकतंय. मी सासूबाईंना घेऊन लांब जायचं टाळू लागले. त्यांची डोळ्यांची पुढची तपासणी दोनदा पुढे ढकलली. मधुमेहात डोळ्यांची हेळसांड करू नये हे ठाऊक असूनही ढकलली. एक 'कट' माणसाला किती मागे ओढतो बघा.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, दुधाचा खाडा मांडतेस, तसा हिचाही मांड की." मग मी मांडायला लागले. तारीख, वेळ, किती अंतर चालून आली, किती वेळ उभी होती, दिवे कसे होते, आवाज कसा आला. महिन्यात नऊ खाडे झाले. नऊच्या नऊ वेळा गाडी तापलेली आणि दहा-वीस मिनिटं उभी राहिलेली. सकाळी थंड गाडीचा एकही खाडा नाही.

आता कोडं उलगडलं. हे सकाळी गाडी काढतात आणि थेट संध्याकाळी परत चावी लावतात. माझी फेरी शाळा, बँक, बाजार, दवाखाना अशी, जागोजागी थांबत. गॅरेजातही गाडी तासभर उभी राहून निवल्यावरच तिची पाळी यायची. दोष हातात नव्हता, तापलेल्या गाडीत होता.

ते पान मी मेकॅनिकपुढे ठेवलं. या वेळी तो हसला नाही. गाडी फिरवून आणली, पंधरा मिनिटं तशीच उभी केली, चावी फिरवली. 'कट'! स्टार्टरवरचा सोलेनॉइड उघडला तर आतले तांब्याचे संपर्क झिजलेले निघाले. इंजिनाच्या उष्णतेने सोलेनॉइडच्या गुंडाळीचा विरोध वाढतो, तिची ओढ कमी पडते आणि झिजलेले संपर्क नीट जुळत नाहीत. नव्या बॅटरीपेक्षा हे काम कितीतरी स्वस्तात झालं.

तुमच्या गाडीने असा त्रास दिला तर आधी कान द्या. दिवे मंद आणि भराभर टकटक आवाज आला, तर बॅटरी उतरलेली किंवा तिची टर्मिनलं सैल आहेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते का बघा. दिवे लख्ख आणि एकच 'कट', तर स्टार्टर, नाहीतर बॅटरीची अर्थिंगची वायर. इंजिन घरघर फिरतं पण पकड घेत नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी पोचत नाही. काहीच आवाज नसेल, तर क्लच दाबला आहे ना, चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय का, हे बघा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी मीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साधारण 14. नवी बॅटरी घेण्याआधी हे मोजून मागा. चावी एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मध्ये उसंत द्या. आणि बॅटरीला हात लावायच्या आधी बांगड्या-अंगठ्या उतरवा. पाना किंवा बांगडी दोन्ही टोकांना एकदम टेकली तर धातू क्षणात तापून हात भाजतो.

यात बायकांना काय कळतं, असं कोणी म्हणालं तर त्याला बर्था बेंझची गोष्ट सांगा. ऑगस्ट 1888 मध्ये ही बाई दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून माहेरी फोर्ट्झहाइमला निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. चढावर गाडी दमते हे तिने नवऱ्याला सांगितलं आणि त्याने गाडीत आणखी एक गियर घातला. लांब कशाला जायचं, आपल्या नगरला बनणाऱ्या लुनाचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासणाऱ्या कितीतरी बायका आपल्याच आया-मावश्यांत होत्या.

अधूनमधून येणाऱ्या त्रासावर कोणी चटकन विश्वास ठेवत नाही, मग तो गाडीचा असो की शरीराचा. छातीत धडधडतं आणि डॉक्टरांकडे गेलं की सगळं ठीक! आपणही मग गप्प बसतो. गप्प बसू नका. कधी झालं, त्याआधी काय केलं होतं, किती वेळ टिकलं, हे कॅलेंडरवर लिहा आणि ते पान दाखवा. तारखेनिशी मांडलेलं कोणी सहज हसण्यावारी नेत नाही.

सासूबाईंची राहिलेली तपासणी झाली. येताना राहुरीत थांबलो, त्या रसवंतीवाल्याला भेटलो. परत येऊन चावी फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "आज खाडा नाही हं!"